मोगरा, कोकम आणि जिन: घरच्या घरी फेसाळते कॉकटेल

मांडवीतीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात गोव्यातल्या बाजारांत ओली कोकमे दिसू लागतात आणि त्याच दिवसांत परसातला मोगराही भरभरून फुलतो. ही दोन्ही एका पेल्यात आणून, त्यांना जिन आणि थंडगार सोड्याची जोड देऊन, आंबटगोड, सुवासिक आणि फेसाळते कॉकटेल घरी कसे करता येते, ते येथे सविस्तर लिहीत आहे. परदेशी पाककृतींत अशा पेयासाठी एल्डरफ्लॉवरची (एल्डर या युरोपीय झाडाच्या सुवासिक फुलांची) लिकर, म्हणजे गोड मद्य, सांगितलेले असते. ते येथे महाग पडते आणि दारात मोगरा असताना त्याच्यामागे धावण्याचे कारण मला दिसत नाही.

आधी जिनविषयी. जिनचा कणा म्हणजे ज्युनिपर या झुडपाची सुगंधी फळे, परंतु बहुतेक जिनमध्ये त्यांच्या खालोखाल धने असतात, आणि धन्यांच्या सुगंधी तेलात सर्वांत मोठा वाटा लिनालूल या घटकाचा असतो. हाच घटक मोगऱ्याच्या सुवासातही आहे. त्यामुळे व्होडकात किंवा रममध्ये मोगरा उपरा वाटतो, तर जिनमध्ये तो जणू आधीपासूनच तेथे होता असे वाटते. आता गोव्यातच चांगली जिन तयार होते. ‘ग्रेटर दॅन’ २०१७ मध्ये आली आणि ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ त्यानंतरच्या वर्षी. माझे मत असे की, या पेयासाठी साधी, कोरडी, ज्युनिपर ठळक असणारी जिन घ्यावी. जिच्यात आधीच गुलाब, स्ट्रॉबेरी किंवा तत्सम स्वाद घातलेला आहे, अशा रंगीत जिनमध्ये मोगऱ्याला बोलायला जागाच उरत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे फुलाचा सुवास पेयात उतरवणे. ‘साखरेच्या पाकात फुले उकळा’ असा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, पण मोगऱ्याला तो अजिबात लागू पडत नाही. मोगऱ्याचा वास अतिशय उडता असतो. उकळताना स्वयंपाकघर दरवळते, याचाच अर्थ तो वास पातेल्यातून निघून गेलेला असतो, आणि मागे उरते ते शिजवलेल्या पाल्यासारखे कडसर पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात मोगऱ्याची फुले सोडण्याची जी रीत आहे, तीच येथे उपयोगी पडते: थंड द्रव आणि थोडा वेळ. पाण्यापेक्षा मद्यार्कात हा सुवास लवकर आणि अधिक उतरतो, म्हणून मी फुले थेट जिनमध्येच घालतो.

संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडून ताटात पसरून ठेवाव्यात. अंधार पडल्यावर त्या उमलू लागतात आणि वास तेव्हाच ऐन भरात असतो. फूल उमलले की देठ आणि हिरवी पुष्पकोशाची नखे काढून केवळ पांढऱ्या पाकळ्या घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये, कारण कडवटपणाचे मूळ त्या हिरव्या भागात असते. २५० मिली जिनला १२ ते १५ फुलांच्या पाकळ्या पुरतात. काचेच्या बरणीत दोन्ही एकत्र करून, झाकण घट्ट लावून, फ्रिजमध्ये दोन तास ठेवावे आणि मग गाळून घ्यावे. तासाभरानंतर एकदा चमच्याने चव पाहावी. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा एक घटक असतो. तो जोवर अल्प असतो, तोवर फुलाचा वास भरदार वाटतो, आणि वाढला की तोच वास जड, कोंदट, काहीसा नकोसा होतो. रात्रभर फुले ठेवली तर दुप्पट सुवास येईल असे समजू नये.

कोकमाचे काम तुलनेने सोपे आहे. पिकलेली, गडद तांबडी फळे धुऊन, पुसून, बिया आणि गर बाजूला करावा. सालांचे तुकडे आणि साखर वजनाने समसमान घेऊन काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थरावर थर द्यावेत. दिवसातून एकदा बरणी हलवावी. दोन-तीन दिवसांत साखर विरघळून दाट, माणकासारख्या रंगाचा रस सुटतो आणि तो गाळून फ्रिजमध्ये ठेवता येतो. अॅल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे वापरू नये, कारण कोकमाचे आम्ल धातूवर चढते. बाजारातले तयार अमृत कोकमही चालते, मात्र बाटलीवरचे लेबल पाहून घ्यावे. आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, वेगळे असते. त्यात भरपूर मीठ असते आणि ते सोलकढीसाठीच राहू द्यावे.

एका पेल्याचे प्रमाण असे: मोगरा-जिन ४५ मिली, कोकमाचा गोड रस २५ मिली, ताज्या लिंबाचा रस १० मिली. हे तिन्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरपूर बर्फासह घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवावे. बाटलीला बाहेरून दव धरले आणि हाताला गारठा झोंबू लागला की ते तयार झाले असे समजावे. मग उंच, अरुंद पेल्यात नव्या बर्फावर गाळून, वरून साधारण १०० मिली सोडा पेल्याच्या कडेने हळू ओतावा आणि लांब चमच्याने खालून वर एकदाच उचलल्यासारखे ढवळावे. सोडा बाटलीत घालून कधीही हलवू नये. झाकण उडते ते उडतेच, शिवाय सगळा वायू निघून जातो आणि हाती नुसते गोड पाणी राहते.

गोव्यात मद्यपानाचे किमान वय २१ वर्षे आहे आणि पिऊन गाडी हाकू नये, हे सांगून ठेवतो.

---

कुळागर

धागा आवडला. बर्फाविषयी आपण फारसे लिहिलेले नाही, म्हणून थोडी भर घालतो. आमच्याकडे घरगुती कार्यक्रमाला बर्फ कमी पडला की कोणीतरी बाजारातून लादीचा बर्फ आणतो, पोत्यात गुंडाळून, भुशासकट. तो बर्फ मासळी टिकवण्यासाठी केलेला असतो आणि पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. बाहेरून पेटी गार करायला तो वापरावा, पेल्यात मुळीच घालू नये.

घरच्या फ्रिजरमधला बर्फही उघड्या साच्यात असेल तर शेजारच्या बांगड्याचा वास धरतो. मोगऱ्यासारख्या नाजूक सुवासाच्या पेयात हा दोष लगेच कळतो. साच्यावर झाकण ठेवावे, आणि जुन्या बर्फापेक्षा त्याच दिवशीचा बर्फ घ्यावा. खडे जितके मोठे, तितके ते हळू वितळतात आणि पेय पांचट होत नाही.

---

सांजवेळ

मांडवीतीर यांची पद्धत पटली, पण गरम पाण्याविषयीचा नियम सगळ्या फुलांना लावू नये असे मला वाटते. गुलाबाचे उदाहरण घ्या. गुलकंद उन्हात मुरतो, गुलाबपाणी तर वाफेवर ऊर्ध्वपातनानेच निघते, तरीही सुवास टिकतो. मी देशी, वासाच्या गुलाबाच्या पाकळ्या साखरेबरोबर चुरगळून घेते, त्यावर उकळून किंचित निवलेले पाणी ओतते आणि झाकून ठेवते. पाक उत्तम होतो. थोडे लिंबू पिळले की रंगही खुलतो.

एक काळजी मात्र सर्वांनीच घ्यावी. फुलवाल्याकडची फुले पोटात घालण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते. गजऱ्यातला मोगरा काढून जिनमध्ये घालण्याचा मोह आवरावा. फुले स्वतःच्या किंवा खात्रीच्या शेजाऱ्याच्या कुंडीतलीच असावीत. दुसरे असे की, दुहेरी पाकळ्यांची तगर, जिला काही जण चांदणी म्हणतात, ती लांबून मोगऱ्यासारखीच दिसते आणि ती विषारी आहे. देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ते झाड मोगऱ्याचे नव्हे. कण्हेर आणि सदाफुली तर सजावटीसाठीसुद्धा पेल्याजवळ आणू नयेत. चाफ्यालाही चीक असतो, म्हणून पेल्याच्या काठावर चाफा खोचलेली छायाचित्रे कितीही मोहक असली तरी त्यांचे अनुकरण करू नये.

---

मांडवीतीर

सांजवेळताई, गुलाबाबाबत आपले म्हणणे योग्य आहे आणि तगरीचा इशारा तर मूळ लेखातच असायला हवा होता. संपादकांनी शक्य असल्यास तो वर जोडावा.

कुळागर, बर्फाबाबत पूर्ण सहमत.

---

पुणेरी_पाहुणा

प्रश्न विचारतो. सोड्याऐवजी टॉनिक वॉटर का नको? जिन म्हटली की टॉनिक, हेच समीकरण डोक्यात बसलेले आहे. आणि दुसरे म्हणजे, नाशिकची स्पार्कलिंग वाइन घातली तर हेच पेय अधिक भारदस्त होणार नाही का?

---

मांडवीतीर

टॉनिकमध्ये क्विनाइन असते आणि त्याचा कडवटपणा हाच त्याचा गुण आहे. नुसत्या जिनला तो शोभतो, परंतु मोगऱ्याच्या वासात जी किंचित कडसर किनार असते, तिला तो उगाच उठाव देतो. टॉनिकमध्ये साखरही असते, म्हणजे कोकमाचा रस कमी करावा लागतो आणि मग फळाचा भागच लंगडा पडतो. टॉनिक घालायचेच असेल तर फूल वगळावे आणि संत्र्याची साल घ्यावी. ते वेगळे आणि चांगले पेय होईल.

स्पार्कलिंग वाइनची कल्पना उत्तम आहे. जिन, लिंबू, साखर आणि शॅम्पेन यांचे ‘फ्रेंच ७५’ हे जुने कॉकटेल याच घडणीचे आहे आणि त्याचे नाव पहिल्या महायुद्धातल्या ७५ मिलिमीटरच्या फ्रेंच तोफेवरून पडले. आपल्याकडे सुला आणि शांदों या दोघांच्याही फेसाळत्या वाइन नाशिक भागातच होतात. त्यांतली ‘ब्रूट’, म्हणजे कोरडी, निवडावी, कारण गोडवा कोकमाच्या रसातून येणारच आहे. प्रमाण मात्र बदलावे लागते: जिन ३० मिली, कोकमाचा रस २० मिली, लिंबू १० मिली आणि वाइन ७५ मिली.

येथे एक हिशेब लक्षात घ्यावा. भारतातल्या बहुतेक जिनमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. सोड्याच्या पेल्यात ४५ मिली जिन, म्हणजे सुमारे १९ मिली शुद्ध मद्यार्क जातो. वाइनच्या पेल्यात जिन ३० मिलीच असली तरी १२ टक्क्यांच्या वाइनमधून आणखी ९ मिलीची भर पडते आणि बेरीज जवळजवळ २२ मिली होते. पेला लहान, चव सौम्य, आणि नशा मात्र जास्त. पाहुण्यांना हे आधी सांगितलेले बरे.

---

रसायनप्रेमी

वायूविषयी थोडे. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात अधिक विरघळलेला राहतो आणि पाणी कोमट झाले की सुटून जातो, हे शाळेत शिकलेले येथे रोकडे उपयोगी पडते. गोव्याच्या मे महिन्यात दुकानातून आणलेली सोड्याची बाटली तशीच उघडली तर अर्धा फेस ओतण्याआधीच संपतो. सोडा किमान रात्रभर फ्रिजमध्ये असावा, पेला थंड असावा, आणि जिन फ्रिजरमध्ये ठेवली तरी चालते, कारण घरगुती फ्रिजरच्या उणे १८ अंशांना ती गोठत नाही. ओतताना बर्फावर धार सोडली तर खड्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे भराभर तयार होतात आणि वायू उडतो. म्हणून कडेने ओतण्याचा सल्ला बरोबर आहे.

उंच, अरुंद पेलाही उगाच सांगितलेला नाही. बुडबुडा पृष्ठभागावर फुटतो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब वर उडतात आणि त्यांच्याबरोबर सुगंधी घटक नाकापर्यंत पोहोचतात. फुलाच्या पेयात फेसाचे खरे काम हे आहे, जिभेला गुदगुल्या करणे हे नंतरचे. तोंड पसरट असलेल्या पेल्यात वायू लवकर संपतो आणि वासही विखुरतो.

बाटलीबंद सोड्यांपैकी काहींत खाण्याचा सोडा किंवा तत्सम क्षार घातलेले असतात. ते आंबटपणा थोडा मारतात. चव सपाट लागली तर साखर कमी करण्याआधी लिंबाचे चार थेंब वाढवून पाहावेत.

---

पेडणेवासी

एवढी जिनची आरती चालली आहे, पण गोव्यात बसून हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या बोंडूंच्या रसाच्या पहिल्या धारेच्या मद्याचे, नावही कोणी घेत नाही, याचे नवल वाटते. काजूच्या हंगामात हुर्राक, लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची यांच्यापुढे कोणतेही कॉकटेल टिकत नाही. कोकम तर त्यातही उत्तम लागते.

---

कुळागर

पेडणेवासी बाब, हुर्राकाशी वैर कोणाचेच नाही. पण काजूच्या बोंडूचा वास इतका दांडगा असतो की त्याच्यापुढे मोगरा कुठल्या कुठे जातो. हुर्राक आणि फेणी यांना मिरची, मीठ, लिंबू, कोकम असले रोखठोक सोबती लागतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिचा वास झाकण्याचा प्रयत्न करू नये. फुलांच्या पेयाला मात्र मागे सरकून बसणारे मद्य हवे.

---

पेडणेवासी

मान्य. तरीही हुर्राकाचा धागा मी स्वतंत्र काढणार आहे.

---

सांजवेळ

निळ्या गोकर्णीविषयी कोणी विचारण्याआधीच लिहिते, कारण ती आमच्या कुंपणावर वर्षभर असते. गोकर्णीला वास जवळजवळ नाही. तिचे काम रंगाचे. वाळलेल्या पाच-सहा फुलांवर कपभर गरम पाणी ओतले की गडद निळे पाणी मिळते, आणि त्यात लिंबू पडले की ते जांभळे होते, कारण तिच्यातले रंगद्रव्य आम्लाप्रमाणे रंग बदलते. त्या पाण्याचा बर्फ करून पांढऱ्या पेयात टाकला तर बर्फ वितळता वितळता पेला हळूहळू जांभळा होत जातो. मुलांच्या लिंबूसरबतात हा खेळ फार चालतो. कोकमाच्या लाल पेयात मात्र तिचा काही उपयोग नाही, रंग नुसता गढूळ होतो. गोकर्ण वापरायची असेल तर कोकमाऐवजी साखरेचा साधा पाक आणि लिंबू घ्यावे, आणि फळाच्या अंगासाठी अननसाचा ताजा रस २० मिली घालावा.

आमच्या घरी मद्य न घेणारी माणसे अधिक आहेत, त्यांच्यासाठीही सांगते. माठातले मोगऱ्याचे थंड पाणी ५० मिली, कोकमाचा रस २५ मिली, लिंबू १० मिली, चिमूटभर मीठ आणि वर सोडा. जिनमधल्या ज्युनिपर-धन्यांची उणीव भासू नये म्हणून मी त्या पाण्यात अर्धा चमचा किंचित ठेचलेले धने तासभर भिजत घालते आणि गाळून घेते. मांडवीतीर यांनी लिनालूलविषयी लिहिलेले वाचले, तेव्हा हे धने तेथे का शोभतात ते नीट कळले.

---

पुणेरी_पाहुणा

उत्तरांबद्दल आभार. शेवटचा प्रश्न. जूनमध्ये पर्वरीला मित्राच्या घरी दहा जण जमणार आहोत. प्रत्येक पेल्यासाठी बाटली हलवत बसलो तर यजमान गप्पांना मुकणार. आधी करून ठेवता येईल का? आणि जूनमध्ये कोकम मिळेल का?

---

मांडवीतीर

पाऊस लागला की ओले कोकम हाताला लागणे कठीण. रस मेमध्येच करून ठेवावा, समसमान साखरेचा असल्याने तो फ्रिजमध्ये टिकतो. मोगराही पावसात कमी होतो आणि ओल्या फुलाचा वास पातळ असतो, म्हणून जिनही आधीच सुवासिक करून, गाळून, बाटली काठोकाठ भरून ठेवावी. बाटलीत हवा जितकी कमी, तितका वास जास्त दिवस राहतो.

दहा पेल्यांसाठी मोगरा-जिन ४५० मिली, कोकमाचा रस २५० मिली, लिंबाचा रस १०० मिली आणि पिण्याचे थंड पाणी २०० मिली असे एकत्र करावे. बरोबर एक लिटरची बाटली भरते. पाणी वाचून दचकू नये. हलवताना बर्फ वितळून जे पाणी एरवी मिसळते, त्याचीच ही जागा आहे, आणि ते वगळले तर पेय तिखट लागते. बाटली चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवावी. मग प्रत्येक पेल्यात बर्फ, त्यावर १०० मिली मिश्रण आणि १०० मिली सोडा, एवढेच काम उरते. अशा पेल्यात मद्यार्क साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा परतीच्या गाडीची सोय आधी पाहावी.

सोडा लहान बाटल्यांतलाच आणावा. मोठी बाटली तिसऱ्या पेल्यापर्यंत मेलेली असते. लिंबे मात्र त्याच दिवशी दुपारनंतर पिळावीत, कारण लिंबाचा रस रात्रभरात उतरतो आणि मग कोकम कितीही चांगले असले तरी पेय शिळे लागते.